३७ की ६८? मेंटॅलिझममधले दोन नंबर फोर्स

मेंटॅलिझम म्हणजे मनातलं ओळखल्याचा खेळ, आणि फोर्स म्हणजे समोरच्याला मोकळा चॉइस वाटू देऊन तुम्हाला हवा तोच नंबर धरायला लावणं. नवीन शिकणारे बहुतेक जण ३७ पासूनच सुरुवात करतात. समोरच्याला सांगायचं, १ ते ५० मधला दोन आकडी नंबर धर, दोन्ही अंक विषम आणि वेगळे, म्हणजे १५ चालेल पण ११ नाही. ऐकायला भरपूर चॉइस वाटतो, पण मोजून बघा, १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७, ३९, बस्स आठच उरतात, त्यात १५ तुम्हीच बोलून गेलात म्हणून तो सहसा कोणी घेत नाही, आणि घाईत बोललात की गडी ३७ वर जाऊन बसतो.

६८ ची रीत तीच, फक्त ५० ते १०० आणि अंक सम. इथेही ६०, ६२, ६४, ६८, ८०, ८२, ८४, ८६ असे आठच, पण शून्य सम असतं का यावर लोक अडखळतात आणि विचार करायला लागले की फोर्स गेलाच समजा.

मला विचाराल तर ३७ च. एक मात्र आहे, ३७ आता बऱ्याच जणांना माहितीये, कॉलेजच्या पोरांसमोर केलं तर कोणीतरी आधीच हसतं, तिथे ६८ बरा. आणि मराठीत करताना "अंक डोळ्यासमोर लिहून बघा" असं सांगाच, कारण एकोणचाळीस म्हटलं की त्यात तीन ऐकूच येत नाही ना! चुकून ३५ आला तर? तुमचा अंदाज ज्यावर लिहिता त्या कागदावर ३५ खोडून शेजारी ३७ आधीच लिहून ठेवा, "आधी ३५ वाटलं होतं" म्हणायला मोकळे.