सारंगखेड्याचा घोडा घ्यावा का बंद होणाऱ्या स्टड फार्मचा?

दत्त जयंती जवळ आली की शहादा-दोंडाईचाकडची पोरं विचारतात, भाऊ यंदा घोडा सारंगखेड्याच्या यात्रेतूनच घ्यावा, का पुण्याकडं कोणाचा स्टड फार्म (घोड्यांची पैदास करायची जागा) मोडतोय तिथल्या लिलावातून थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, स्वस्तात उचलावा.

स्वस्त मिळतं ते मोडणाऱ्या फार्मवर, हे खरंय. एरवीच्या लिलावात मालक बऱ्याचदा त्याला नको असलेलाच माल काढतो, पण मालक वारला, भागीदारी तुटली, कर्ज झालं आणि सगळाच तबेला विकायला निघाला की चांगली घोडी पण त्याच रांगेत येते, आणि घोडे जास्त अन् घेणारे कमी असले की भाव पडतो. 1918 ला अमेरिकेत ऑगस्ट बेलमाँट नावाचा घोड्यांची पैदास करणारा मालक लष्करात गेलेला म्हणून त्याची शिंगरं साराटोगाच्या लिलावात विकली, त्यातलं मॅन ओ वॉर नावाचं शिंगरू 5000 डॉलरला गेलं आणि पुढे 21 पैकी 20 रेस जिंकलं. अडचण मालकाची होती, घोड्यात खोट नव्हती. म्हणून का विकतोय हे आधी काढा, भाव नंतर.

कागदात थरोब्रेड पुढे, मायक्रोचिप, आई-बाप, किती पळाला सगळी नोंद असते. सारंगखेड्यात मारवाडी, काठेवाडी, नुकरा (पांढरा) घोडे भरपूर, पण वंशावळ बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या तोंडचीच. तिथं देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) बघून भाव चढतो, त्याचा पळण्याशी काही संबंध नाही. मात्र यात्रा बरेच दिवस चालते, तापीकाठी रोज जाऊन तोच घोडा बघा, दात बघा, बसून बघा, लिलावात एवढा वेळ कोण देतो?

पाय मात्र दोन्हीकडं तपासायचेच. पुढच्या दोन्ही पायांच्या नळीमागून बोटं फिरवा, एका पायाची नस (टेंडन, रक्ताची नव्हे) दुसऱ्यापेक्षा जाड किंवा गरम लागली तर फुकट दिला तरी सोडा. मग कडक जमिनीवर दुडकी पळवायला सांगा, डोकं झटक्यानं वर-खाली होत असेल तर लंगड आहे समजा.

रेसलाच उतरवायचा असेल तर थरोब्रेडच, पण मालक म्हणून रेस भरवणाऱ्या टर्फ क्लबकडं नोंद लागते, घोडा लायसन्सवाल्या ट्रेनरकडं ठेवावा लागतो आणि तो खर्च दर महिन्याला चालूच, घोडा पळो न पळो. घरी शेतावर ठेवायचा, हौसेनं बसायचं तर मी सारंगखेडाच सांगेन. थरोब्रेडची कातडी पातळ, खूर नाजूक, आपल्याकडचा मे महिना त्याला जड जातो, आणि रेसमधून आलेल्याला नव्यानं शिकवावं लागतं, तो वरातीत बँडसमोर उभा करायचा विचार पण करू नका.

कुठूनही घ्या, गाडीत चढवायच्या आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झालेला रिपोर्ट हातात घ्या, नाहीतर घरचे बाकीचे घोडे पण जातील.