बारावीच्या पेपरनंतरची सॅक: तीस लिटरची, आणि कमरेवर नीट बसणारी

बारावीचे पेपर मार्चच्या मध्यात संपतात आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधले सात-आठ आठवडे नाशिकच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या पायाला भिंगरी असते. पहाटे पोहणं, तिथून ओल्या केसांनी सीईटीचा क्लास, संध्याकाळी गोल्फ क्लबवर क्रिकेट, एखाद्या दिवशी सायकलवर गंगापूर धरण आणि रविवारी ट्रेकला अंजनेरी नाहीतर हरिहर गड. ज्युनिअर कॉलेज सुटताना मित्रमैत्रिणी एकत्र असण्याचा हा शेवटचा काळ. या सगळ्यात पाठीवर दिवसभर असते ती सॅक, आणि नेमकी तीच घाईत, रंग बघून घेतली जाते.

हे परीक्षण साधारण १,५०० ते २,५०० रुपयांत मिळणाऱ्या २८ ते ३० लिटरच्या ट्रेकिंग सॅकचं आहे. लेबलं वेगवेगळी असली तरी या किमतीतल्या सॅकची रचना बरीचशी सारखी असते आणि त्या बिघडतातही त्याच त्याच जागी. आमचं मत आधीच सांगतो: या दोन महिन्यांसाठी आणि पुढच्या हॉस्टेलच्या वर्षांसाठी हाच आकार घ्यावा. मात्र खिसे मोजून घेऊ नये, पाठ मोजून घ्यावी.

आधी आकाराचं बोलू. रविवारच्या ट्रेकला दीड लिटरच्या दोन बाटल्या, डबा, कोरडा शर्ट, विंडचीटर, टोपी, टॉर्च आणि औषधांची छोटी पिशवी एवढं सामान लागतंच. दाबून भरलं तर ते वीस लिटरच्या कॉलेज बॅगेत बसतं, पण मग चेन ताणली जाते आणि बाटली पाठीला टोचते. तीस लिटरमध्ये वर एक वीत मोकळी राहते. ती जागा वाया जात नाही. खाली उतरताना ऊन चढतं, अंगातला विंडचीटर निघतो आणि त्याच जागेत जातो. पन्नास लिटरची सॅक 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून घेतात, ते मात्र टाळावं. अर्धी रिकामी मोठी सॅक लोंबते, सामान तळाशी गोळा होतं आणि प्रत्येक पावलाला ती कंबरेवर आपटते.

आता पाठीचं माप. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावायची. या वयात हे माप बहुधा ४२ ते ४८ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. सॅकवर खांद्याचे पट्टे जिथे शिवलेले असतात तिथून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर याच्या जवळपास हवं. ते पाच सेंटिमीटरने कमी असेल तर कमरपट्टा पोटावर येतो आणि सगळं वजन खांद्यांवर राहतं. उंचीवरून अंदाज बांधू नये. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, एकाची पाठ.

दुकानात सॅक कागदाचे गोळे भरून फुगवून टांगलेली असते. तशी पाठीवर घेऊन आरशात बघण्याला काही अर्थ नाही. घरून एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या घेऊन जा. चार बाटल्या म्हणजे चार किलो. त्या सॅकमध्ये उभ्या, पाठीला लागून ठेवा. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या. सगळ्यात आधी कमरपट्टा लावायचा, तो कमरेच्या हाडावर, बेंबीवर नाही. मग खांद्याचे पट्टे ओढायचे, पण पट्टा आणि खांदा यांत बोट सहज सरकेल इतपतच. छातीचा पट्टा शेवटी, गळ्याजवळच्या हाडाच्या चार बोटं खाली. आता दोन्ही खांदे कानाकडे उचला. वजन कमरेवरच राहिलं, तर सॅक बसली. खांद्यांबरोबर सगळी सॅक वर आली, तर दुसरी बघा. मुलींनी खांद्याच्या पट्ट्यांचा आकार मुद्दाम पाहावा. सरळ पट्टे काखेत आणि छातीवर काचतात, आतल्या बाजूला वळलेले बरे पडतात. छातीचा पट्टा वर-खाली सरकवता आलाच पाहिजे.

या किमतीत सगळ्यात कमजोर भाग म्हणजे हा कमरपट्टाच. पुष्कळ सॅकना नुसती इंचभर रुंदीची पट्टी असते. ती सॅक हलू देत नाही, पण वजन उचलत नाही. दोन्ही बाजूंना तळहाताएवढे तरी फोमचे पंख हवेत. फोम अंगठ्याने दाबून बघा. लगेच सपाट होऊन तसाच राहिला तर महिन्याभरात त्याची चिंधी होते. चांगला फोम दाबला की कडक लागतो आणि पुन्हा वर येतो. सहा किलोपर्यंत अशी सॅक छान चालते. आठ-नऊ किलोचं सामान घेऊन दोन दिवसांच्या मुक्कामाला जायचं असेल तर तिच्याकडून ती अपेक्षा करू नये.

घेतल्यावर पहिली चाचणी पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर करावी. तेच चार किलो भरून एकदा वर, एकदा खाली. उतरताना सॅक डावी-उजवीकडे झोके घेते का आणि पट्टे आपोआप सैल होतात का, हे दोनच प्रश्न. पट्टी गुळगुळीत आणि पातळ असेल तर ती बक्कलमधून सरकते. दर दहा मिनिटांनी पट्टा ओढावा लागत असेल तर ती सॅक बदलून घ्या. त्यासाठी घेतानाच दुकानदाराला बदलून मिळेल का ते विचारावं आणि पक्कं बिल घ्यावं. मेन रोड, शालिमार, एमजी रोड, कॉलेज रोड अशा दोन-तीन ठिकाणी फिरून, दिवसाउजेडी घ्यावी. रात्री दुकानाच्या लाइटखाली शिवण दिसत नाही.

हरिहरबद्दल जरा सविस्तर सांगणं भाग आहे, कारण सॅकची खरी परीक्षा तिथेच होते. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीकडून वर आलं की कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना बोटं रोवायच्या खोबण्या आहेत. चढताना अंग कातळाकडे झुकतं, सॅक पाठीवर जवळजवळ आडवी होते आणि बाजूच्या जाळीच्या खिशातली बाटली मागे घसरते. तिथून सुटलेली बाटली थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर जाते. म्हणून पायऱ्या सुरू होण्याआधी थांबून बाटल्या आत टाकायच्या, चेन पूर्ण लावायची आणि लोंबणाऱ्या पट्ट्या गुंडाळून खोचायच्या. बाहेर अडकवलेले मग, चप्पल, सेल्फी स्टिक, काहीही नको. पायऱ्या संपून दरवाजातून आत गेलं की पुढे कातळाच्या पोटातून वाकून जावं लागतं. तिथे उंच सॅकचा वरचा खिसा छताला घासतो, माणूस बिचकतो आणि तोल जातो. सॅकचा माथा खांद्याच्या फार वर नको, तो याचसाठी. उतरताना तोंड कातळाकडेच ठेवायचं. जड सामान सॅकमध्ये मागच्या बाजूला भरलं असेल तर ते इथे पाठीमागे खेचतं. ते पाठीला चिकटून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध हवं.

अंजनेरी आणि ब्रह्मगिरीला अडचण वेगळी: माकडं. हातातली प्लास्टिकची पिशवी आणि सॅकच्या बाहेर दिसणारी बाटली ती ओढतात. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा सॅकच्या आत, आणि वरच्या खिशात बिस्किटाचा पुडा अजिबात नाही. मार्चमध्ये नाशिकला द्राक्षांचा हंगाम असतो, म्हणून मुलं हमखास द्राक्षं घेतात. ती कडक डब्यात नसतील तर गडावर पोचेपर्यंत त्यांचा रस होतो, आणि तो चिकट रस चेनच्या दातांत वाळला की चेन अडते.

वजनाचा हिशेब साधा आहे. रिकामी सॅक ७०० ते ९०० ग्रॅम, पाणी ३ किलो, डबा आणि गूळ-शेंगदाणे पाऊण किलो, बाकी सामान एक-दीड किलो. एकूण सहाच्या आसपास. पन्नास किलोच्या मुलीला किंवा मुलाला हे ठीक आहे, शरीराच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत बसतं. ओझं वाटलं की पोरं सगळ्यात आधी पाणी कमी करतात. एप्रिलच्या उन्हात तेच सगळ्यात धोक्याचं. कमी करायचंच असेल तर पॉवर बँक, स्पीकर आणि जादाचा जीन्स काढा. पाण्याबरोबर मीठ-साखरेची पुडी असू द्या.

आठवड्याच्या इतर दिवशी ही सॅक अपेक्षेपेक्षा चांगली चालते. पोहण्याचा ओला पोशाख आणि टॉवेल घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून तळाच्या कप्प्यात ठेवायचा. तळाचा कप्पा वेगळा नसेल तर पुढच्या खिशात चालेल, पण क्लासच्या नोट्सना लागून नको. घरी आल्याबरोबर तो बाहेर काढावा. रात्रभर राहिला तर फोमला जो कुबट वास लागतो तो साध्या धुण्याने जात नाही. नोट्ससाठी पाठीकडच्या कप्प्यात एक प्लास्टिकचं फोल्डर ठेवावं. त्याने पानं वाचतात आणि सॅकची पाठही ताठ राहते.

पूर्ण आकाराची बॅट साधारण ८६ सेंटिमीटरची, सॅक पन्नासच्या आसपास. बॅटचं टोक बाजूच्या खिशात, मूठ वर, आणि सॅकच्या बाजूला सामान आवळायला असतो तो पट्टा मुठीच्या खाली आवळायचा. खिसा जाळीचा असेल तर टोकाला आधी जुना मोजा चढवा, नाहीतर चार दिवसांत जाळीला भोक. सायकलवर मात्र बॅट अशी नेऊ नये. सायकलवरची आणखी एक अडचण दुकानात कुणी सांगत नाही: सॅकचा माथा उंच असला की मान वर करताना हेल्मेट मागून अडतं आणि पुढे डोळ्यांवर येतं. वरचा खिसा रिकामा ठेवून दाबून टाकला की हे थांबतं. पाच किलोच्या वर सामान असेल तर ते पाठीवर नको, कॅरिअरला बांधावं.

बिघाडाची पहिली जागा म्हणजे चेन. मुख्य कप्प्याची चेन लावल्यावर दातांची रुंदी मोजा. ती आठ मिलिमीटरच्या आसपास असावी, खिशांना पाच चालते. चेन लावूनही मागून उघडत असेल तर सहसा दात गेलेले नसतात, रनर, म्हणजे चेनवर पुढेमागे सरकणारा तुकडा, सैल झालेला असतो. मुरमाची बारीक धूळ त्याला आतून झिजवते. पक्कडीने रनरच्या मागच्या टोकाच्या दोन्ही कडा आळीपाळीने, अगदी हलक्या दाबायच्या. जोरात दाबलं तर रनर तुटतो किंवा जागीच बसतो. दर ट्रेकनंतर जुन्या टूथब्रशने दात झाडून त्यावर मेणबत्ती फिरवावी. तेल लावू नये, त्याला धूळ धरते.

दुसरी जागा, खांद्याचा पट्टा वर जिथे शिवलेला असतो ती. घेण्याआधी सॅक आतून उलटी करून तिथे बघा. आडव्या-उभ्या दाट टाक्यांचा पट्टा दिसला पाहिजे, आणि शिवणीच्या बाहेर कापडाची किनार किमान एक सेंटिमीटर हवी. किनार अपुरी असली की टाके शाबूत राहतात आणि कापडच उसवत जातं. एका पट्ट्याला धरून भरलेली सॅक उचलायची सवय याला मुख्य कारण. उचलायला वरची मूठ आहे. शिवण सुटायला लागली की लगेच गावातल्या बॅग-दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि नायलॉनच्या दोऱ्याने डबल शिलाई मारून घ्या. पूर्ण तुटल्यावर कापड उरलेलं नसतं.

बक्कल बहुतेक वेळा पायाखाली किंवा गाडीच्या दारात येऊन फुटतं. पट्टीची रुंदी मोजून, २० की २५ मिलिमीटर ते पाहून, एक जादाचं बक्कल आणून ठेवावं. जाळीचे खिसे करवंदीच्या जाळीत फाटतात, त्याला इलाज नाही. कापडाचे खिसे असलेली सॅक मिळाली तर तीच घ्या.

छातीच्या बक्कलला शिट्टी असते, ती खरोखर कामाची आहे. वाजते का ते बघून घ्या. चार्जिंगच्या वायरसाठी बाहेर काढलेल्या भोकासाठी जादा पैसे देऊ नका, तिथून पाणी आणि धूळ आत जाते. रेनकव्हर उन्हाळ्यात कशाला, असं वाटतं. पण मार्च-एप्रिलमध्ये नाशिकला अवकाळी आणि गारा येतात. सॅकबरोबर नसेल तर वेगळं घ्या, नाहीतर आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घालून त्यात सामान भरा. तीही तेवढंच काम करते.

पावसाळ्याआधी सॅक एकदा धुवावी. मशीनमध्ये नाही, गरम पाण्यात नाही. बादलीभर गार पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. आतून पांढरे पापुद्रे निघत असतील तर ते पाणी अडवणाऱ्या थराचे आहेत. तो थर उष्णतेने आणि दमट जागी गुंडाळून ठेवल्याने सुटतो आणि पुन्हा बसत नाही. सावलीत उलटी टांगून दोन दिवस वाळवा, सगळे पट्टे सैल करा, चेन उघड्या ठेवा आणि हॉस्टेलला जायचा दिवस येईपर्यंत ती माळ्यावर न टाकता दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवा.