ईएलएम-327 स्कॅनर, दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी 2012ची पेट्रोल हॅचबॅक, स्कॅनर साधा ब्लूटूथवाला, फोन अँड्रॉइड. हा डबा गाडीच्या ओबीडी-2 (बिघाड तपासणीच्या) सॉकेटला लावतात. बिघाडाचे कोड वाचण्यासाठी म्हणून तो विकला जातो, पण जुन्या गाडीवाल्याला त्याचा खरा उपयोग चालू इंजिनाचे आकडे बघण्यात आहे.

सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे कूलंटचं तापमान. आपल्याकडे इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची सवय अनेक गॅरेजांत आहे. त्यानंतर गाडी तापत नाही म्हणून मालक खूश असतो. पण कित्येक हॅचबॅकना तापमानाचा काटाच नसतो, त्यामुळे इंजिन गार राहतंय हे कळत नाही. इंजिन नीट गरम झाल्यावर 85 ते 95 अंश दिसायला हवेत. हायवेवर 80च्या वेगाने आकडा 65-70वर घसरत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिन अजून थंड वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. तेलातली वाफही पुरती उडत नाही. काम घरी होतं: इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा, नवा थर्मोस्टॅट नव्या रबर रिंगसह बसवा. त्यावरचं छोटं हवेचं छिद्र वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा अडकते. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं (तयार मिश्रण असेल तर पाणी मिसळू नका).

दुसरा आकडा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय. लाँग टर्म (दीर्घकाळाचा) ट्रिम ±10 टक्क्यांच्या आत असावा. एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम +15 आणि 2500 आरपीएमला जवळपास शून्य दिसला, तर कुठेतरी व्हॅक्यूम गळती आहे, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरतेय. आरपीएमबरोबर ट्रिम वाढत गेला, तर फ्युएल फिल्टर किंवा पंप बघा. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत हा नियम लावू नका. तिथे गळतीने ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढतो. हे न कळल्यामुळे चांगले इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) उगाच बदलले जातात.

चार्जिंगसाठी इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट. स्वस्त स्कॅनर थोडं कमी-जास्त दाखवतात, म्हणून एकदा मल्टीमीटरने ताडून घ्या.

त्रासही आहेत. सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते, म्हणून स्कॅनर लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही करंट खातो. आठवडाभर उभ्या गाडीची जुनी बॅटरी त्याने बसू शकते. काम झालं की काढाच. के-लाइनवाल्या (जुन्या, संथ डेटा-वायरच्या) गाडीत डेटा फार सावकाश येतो. ॲपमध्ये चारच आकडे निवडा, मग वेग बरा मिळतो. ‘व्हर्जन 2.1’ छापलेल्या बऱ्याच नकलांत काही कमांड गाळलेल्या असतात, 1.5वाला बघून घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ चालणार नाही, वायफाय किंवा बीएलईवाला (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) लागेल. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या ॲपमध्ये दिसत नाहीत.

भारतात ओबीडी-2 एप्रिल 2013पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी ती स्कॅनरशी बोलेलच असं नाही. आधी कोणाचा तरी मागून लावून बघा, मगच पैसे घाला.

आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. बिघाड कोणत्या तापमानाला आणि किती आरपीएमला झाला हे फक्त तिथेच असतं, पुसलं की गेलं.