आधी ‘अर्धसत्य’ की ‘टच ऑफ ईव्हिल’?

फोंड्यातल्या आमच्या मित्रमंडळींत भ्रष्ट पोलिसांवरचा सिनेमा निवडायचा झाला की या दोघांवरच वाद रंगतो. ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनेच साकारलेला पोलीस अधिकारी क्विनलन खोटे पुरावे पेरतो. काळ्या सावल्या, तिरके कोन, तीन मिनिटांहून लांब पहिला शॉट. सगळं थक्क करणारं. पण क्विनलन भेटतो तोच सडलेला. ‘अर्धसत्य’मधला (१९८३) वेलणकर प्रामाणिक, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत मोडत जातो. कोठडीत त्याच्या हातून माणूस मरतो आणि ज्या गुंडाला पकडायचं, त्याच्याच दारात त्याला जावं लागतं. ओम पुरींचा तो घुसमटलेला चेहरा! नाटककार विजय तेंडुलकरांची पटकथा कुठेही सुटका देत नाही. गोव्यातल्या मराठी माणसात नाटक मुरलेलं, म्हणूनही असेल, मला हाच खोल भिडतो. आधी तोच लावा, वेल्स पुढच्या रविवारी.