‘लखी’ पाव आणा आणि व्हाइसमधला राजा

व्हॉट्सॲपवरच्या एका विक्रेत्याने मला पाचव्या जॉर्जचा ‘लखी’ पाव आणा साडेसहा हजारांना विकला. सोबत सहाव्या जॉर्जचा एक ‘डबल डाय’, म्हणजे ठशातल्याच चुकीमुळे दुहेरी उमटलेलं नाणं, तो दोन हजारांना. माणूस बोलायला गोड, फोटो झकास, पण दोन्ही नाण्यांची एकच बाजू. दुसरी मागितली की “पार्सल उघडा साहेब, खूश व्हाल!”

नव्यांसाठी सांगतो. टांकसाळीत छापलेलं नाणं कधी ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. त्या चकतीच्या एका बाजूला राजा उठावाचा येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच राजा खोलगट, आरशातल्यासारखा उलटा. ही खरी लखी. चकती कोरी असते, त्यामुळे खोलगट बाजूला नाण्याच्या मागच्या बाजूच्या छापाचा मागमूसही राहायला नको. माझ्याकडे आलेल्या नाण्यात भिंगाखाली राजाच्या गालातून मागच्या बाजूवरच्या ‘क्वार्टर’ची अक्षरं डोकावत होती.

करामत अशी. साध्या पाव आण्याची मागची बाजू कानशीने घासायची, तिच्यावर दुसरं नाणं राजाचं तोंड आत करून ठेवायचं आणि फिटरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत घट्ट पकडणाऱ्या शिकंजात, जोडी आवळायची. राजा आत उमटतो, पण जबड्याला टेकलेल्या बाजूचा मुकुट आणि दाढी चेपून सपाट होतात. जबड्याला चामडं लावलं की हे कमी दिसतं, म्हणून वजन बघावंच. ब्राँझच्या या पाव आण्याचं वजन ४.८६ ग्रॅम, माझं ४.३ भरलं. वापरून झिजलेलं नाणं थोडं हलकं असतंच, पण मग राजाही तसाच झिजलेला हवा. इथे तो चेपलेला होता, झिजलेला नव्हता.

दुसऱ्या नाण्यात कुणी काही केलेलं नव्हतं, नाव तेवढं खोटं. छापताना ढिला ठसा किंचित सरकला की अक्षराची कड एका बाजूला ढकलली जाते आणि पायरीसारखा चपटा काठ दिसतो. मूळ अक्षर उलट बारीक होतं. याला मशीन डबलिंग म्हणतात आणि त्याला जादा किंमत नाही. खऱ्या डबल डायमध्ये दुहेरीपणा ठशातच असतो: दोन्ही आकृत्या गोलसर उठावाच्या, अक्षर जाड, टोकाला खाच, आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच. विक्रेता अमेरिकेच्या १९५५ च्या डबल डाय लिंकन सेंटचा भाव ऐकवत होता. त्या सेंटवरची दुहेरी तारीख भिंगाशिवाय वाचता येते! माझ्या नाण्यावर उजेड तिरका धरल्यावर कुठे काही दिसलं.

पैसे परत मागितले तर “जुन्या मालाला गॅरंटी नसते” म्हणाला आणि ब्लॉक केलं. यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवलं होतं, त्यावरून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याचा नंबर बंद आहे. आता आणखी एका ग्रुपवर १९१९ ची एक लखी आठ हजारांना फिरतेय, तिच्याही राजाच्या गालात अक्षरं आहेत.