जर्मनचं पातेलं आणि ओबरलिनचं ज्यूएट हाउस

आमच्या भागात ॲल्युमिनियमला आजही जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची किटली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट होतो. राधानगरीच्या डोंगरातून बॉक्साइट भरून जाणारे ट्रक येता-जाता बघितलेले, आणि दरवर्षी बारावीच्या पोरांना सर फळ्यावर ॲल्युमिनियम काढायची ‘हॉल-हेरॉल्ट पद्धत’ लिहून द्यायचे तेही ऐकलेलं. पण हा हॉल कोण, ते फळ्यावर कधी आलं नाही. सध्या मुलीकडे अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडला आलोय, तर जावयांनी मागच्या आठवड्यात याच हॉलच्या गावी, ओबरलिनला नेलं. गाडीने पाऊण-एक तास.

गाव छोटं, कॉलेजही छोटं, १८३३ सालचं. तिथल्या हेरिटेज सेंटरच्या ताब्यात तीन जुन्या वास्तू आहेत: मन्रो हाउस, १८३६ ची लाल शाळा आणि ज्यूएट हाउस. माहिती सांगणारा माणूस बरोबर फिरतो. माझं सगळं लक्ष ज्यूएट हाउसवर होतं. १८८४ साली बांधलेलं हे घर कॉलेजचे केमिस्ट्रीचे प्राध्यापक फ्रँक फॅनिंग ज्यूएट यांचं.

ज्यूएट जर्मनीत गॉटिंगेनला शिकून आलेले. तिथे त्यांची व्होलर या रसायनशास्त्रज्ञाशी भेट झाली. ॲल्युमिनियम पहिल्यांदा वेगळं काढणाऱ्यांत व्होलरचं नाव येतं, साल १८२७. पुढे ज्यूएट चार वर्षं टोकियोच्या विद्यापीठात शिकवत होते आणि १८८० ला ओबरलिनला आले. येताना ॲल्युमिनियमचा एक तुकडा त्यांच्याजवळ होता. तो वर्गात दाखवून ते पोरांना सांगायचे, हा धातू जो कोणी स्वस्तात काढेल तो मोठा पैसा मिळवेल. तेव्हा ॲल्युमिनियमचा भाव चांदीच्या जवळपास होता. वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर १८८४ साली ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तो मौल्यवान धातू म्हणूनच. समोर बसलेल्या चार्ल्स मार्टिन हॉलने ते मनावर घेतलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. या घरात हॉलच्या लाकूडशेडचा देखावा उभा केलाय. हॉल १८८५ ला पदवीधर झाला आणि आपल्या घरामागच्या शेडमध्येच प्रयोग करू लागला. विजेसाठी लागणारे सेल (बॅटऱ्या) काही स्वतः केले, काही सामान ज्यूएट सरांनी दिलं. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळायला दोन हजार अंशांच्या वर उष्णता लागते, ती शेडमधल्या भट्टीत कुठून येणार? त्याने क्रायोलाइट नावाचं खनिज वितळवलं. ते हजार अंशांच्या आसपास पातळ होतं, आणि मीठ पाण्यात विरघळावं तसा ॲल्युमिना त्यात विरघळतो. मग त्यातून करंट सोडला. पण पहिल्या खेपेला धातू मिळाला नाही, हाती नुसता राखाडी थर आला.

दोष मुशीत, म्हणजे ज्यात हे सगळं तापवलं त्या भांड्यात होता. मातीच्या मुशीत सिलिका असते. क्रायोलाइटने तीच खाल्ली आणि ती मिश्रणात उतरली. हॉलने मुशीला आतून कार्बनचं अस्तर दिलं. २३ फेब्रुवारी १८८६ ला तळाशी चांदीसारखे चकचकीत गोळे मिळाले. त्याचं वय बावीस.

या मुशीपुढे मी बराच वेळ उभा होतो. आमच्याकडे पोरांचं रीडिंग चुकलं की आम्ही आधी भांडं बघायचो. ब्युरेट नीट धुतली नव्हती का, मुशीला आधीचं काही चिकटून राहिलंय का. पुस्तकात समीकरण असतं, भांडं नसतं. इथे भांड्याची गोष्ट सांगतात, ती मला फार मोलाची वाटली.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे त्याची बहीण, ज्युलिया. ओबरलिनने बायकांना पदवीच्या वर्गात १८३७ सालीच घेतलं होतं, त्यामुळे तीही तिथे केमिस्ट्री शिकलेली. भावाचे प्रयोग तिने रोजच्या रोज डोळ्यांनी बघितले. १८८६ च्याच एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये पॉल हेरॉल्टने हाच शोध पेटंटला टाकला. तो हॉलच्याच वयाचा. हॉलचा अर्ज जुलैचा. मग अमेरिकेत आधी कोणी केलं हे सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा ज्युलियाने लिहून काढलेला प्रयोगांचा इतिहास आणि तिची साक्ष कामी आली. पेटंट १८८९ ला मिळालं. हॉलची कंपनी पुढे अल्कोआ ही ॲल्युमिनियमची मोठी कंपनी झाली. ज्युलियाचं नाव आपल्या क्रमिक पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गावात आणखी दोन गोष्टी बघा. हॉलने आपल्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा कॉलेजला ठेवला, त्यातून त्याच्या आईच्या नावाचं सभागृह उभं राहिलं. आणि कॉलेजच्या सायन्सच्या इमारतीत त्याचा ॲल्युमिनियमचाच पुतळा आहे. तो इतका हलका की पोरं उचलून इकडचा तिकडे नेऊन ठेवायची, म्हणून आता ग्रॅनाइटच्या दगडावर चिकटवून टाकलाय.

जायच्या आधी वेळा बघून घ्या. शाळकरी मुलं बरोबर असतील तर त्यांना इलेक्ट्रॉलिसिस म्हणजे काय ते गाडीतच समजावून ठेवा, मग शेड नीट कळते. माझ्या नातीने पेन्सिलीची दोन शिसं मिठाच्या पाण्यात घालून घरी बुडबुडे काढलेले होते, तिला करंटचं कोडं लगेच सुटलं. केमिस्ट्रीशी ज्याचा थोडासाही संबंध आलाय त्याने इथे अर्धा दिवस राखून ठेवावा.

माझ्या मनात मात्र तिथे फिरताना आमचंच डिपार्टमेंट होतं. नवीन इमारतीत हलताना सगळी जुनी डेडस्टॉक रजिस्टरं (लॅबच्या सामानाच्या नोंदवह्या), प्रॅक्टिकलच्या वह्या, पहिल्या सरांच्या हातचे रीएजंटचे फॉर्म्युले, सगळं किलोवर रद्दीत गेलं. मी तिथेच होतो, बोलायला हवं होतं, बोललो नाही. पहिली केमिकल बॅलन्स कोणत्या साली आली, गॅस प्लँट कोणी बसवला, हे त्या रजिस्टरांत होतं.

एक रजिस्टर चुकून माझ्याकडे राहिलंय, १९८३ ते ९१ चं. रात्री मुलाला फोन करून माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, सरांच्या अक्षरात: ‘पोर्सिलेन मूस, झाकणासह, नग २४. पैकी फुटलेल्या २.’