कॅड-कॅमसाठी आय५-१२४०० : उद्यमनगरातला वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्न आणि डाय डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. फाउंड्रीकडून (धातू ओतून कास्टिंग करणाऱ्या कारखान्याकडून) ड्रॉइंग येतं. त्याचं थ्रीडी मॉडेल करायचं, ड्राफ्ट (साच्यातून सुटायला उतार) आणि मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापायला जादा माप) द्यायचा, कोअर बॉक्स (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा बनवायचा साचा) काढायचा आणि व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्राम करून द्यायचा, हे कॅड-कॅमचं रोजचं काम. दिवाळीत इंटेलच्या आय५-१२४०० प्रोसेसरवर नवं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जोडलं, आता पावसाळा लागला. मधल्या काळात ते दिवसभर राबलंय.

घ्यायच्या वेळी जो तो सांगत होता, "कॅड आहे ना, मग आय७च घ्या, कोअर जास्त पाहिजेत." कोअर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग. सांगणारे मनापासून सांगतात, पण मॉडेलिंगला हे लागू पडत नाही. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल रिबिल्ड होतं, म्हणजे बदलानंतर पुन्हा उभं राहतं, ते एका फीचरमागून एक. आधी बॉस (वर आलेला उंचवटा) उभा राहिला पाहिजे, मग त्याच्या बुडाचा फिलेट (गोलाई). फाउंड्रीतला वाळूचा कोअर वाळल्याशिवाय साचा मिटवता येत नाही, मग माणसं कितीही लावा, तसंच हे. म्हणून इथे प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग बघायचा.

जुन्या मशीनवर हे स्वतः बघून घ्या. माझ्याकडे आय५-४५७० होता, चार कोअरचा. एका पंप हाउसिंगचं मॉडेल रिबिल्डला टाकलं आणि टास्क मॅनेजरचा डिटेल्स टॅब उघडला. सॉलिडवर्क्सपुढचा प्रोसेसरच्या वापराचा टक्का २५ च्या आसपास अडकून राहिला. म्हणजे एक कोअर पूर्ण जुंपलेला, बाकीचे तीन जवळपास मोकळे. १२४०० मध्ये सहा कोअर, १२ थ्रेड (एका कोअरवर दोन कामांच्या रांगा). तिथे त्याच मॉडेलला आकडा ८ च्या पुढे फारसा जात नाही, तरी रिबिल्ड कितीतरी लवकर संपतं. नुसत्या गिगाहर्ट्झवरून हा फरक कळायचा नाही. जुना ३.६ पर्यंत जायचा, हा ४.४ पर्यंत जातो, पण नवा कोअर त्याच एका ठोक्यात जास्त काम उरकतो.

मग आय३-१२१०० का नाही? तोही ४.३ पर्यंत जातो, आणि नुसतं मॉडेलिंग असेल तर खरंच तोच घ्यावा. माझ्याकडे मागे फिनिशिंगचे टूलपाथ (मशीनच्या कटरचे मार्ग) निघत असतात आणि पुढ्यात दुसरा जॉब उघडलेला असतो. तिथे चार आणि सहा कोअरमधला फरक रोज जाणवतो. आय७-१२७०० चा कमाल वेग ४.९, पण त्याला जादा लागले असते त्या पैशात माझी ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) बसली. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) उघडली की १६ जीबी कमी पडायची, ते दुखणं प्रोसेसर बदलून गेलं नसतं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुद्धा विचारात होता. कोअर-थ्रेड तेवढेच, कमाल वेगही तोच, पण एका कोअरच्या कामात १२४०० पुढे आहे, म्हणून इकडे वळलो.

आकड्यापुढे 'एफ' असलेला बहुधा थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. मी साधाच घेतला. ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेलं तेव्हा केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून छोटे जॉब करून दिले. उद्यमनगरात एक दिवस मशीन बंद म्हणजे व्हीएमसीवाल्याचा फोन आलाच.

त्रास आहे तो आमच्या भागातल्या धुळीचा. पूर्ण जोरात हा प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत ओढू शकतो. एप्रिलमध्ये कॅबिनेटची जाळी काळ्या भुकटीनं बुजली, तापमान चढलं आणि टूलपाथ काढताना सोबतच्या कूलरचा पंखा घोंघावायला लागला. ब्लोअर मारला, जाळी धुतली, शांत झाला. ही धूळ वीज वाहून नेते, त्यामुळे मशीन बंद करून, प्लग काढूनच साफ करा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

याच मदरबोर्डवर पुढे बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात, त्यापुढचे नाहीत. आणि तुमचं मुख्य काम कास्टिंग सिम्युलेशन असेल, धातू साच्यात कसा भरतो, कुठे आकसतो हे काढायचं असेल, तर वरचं सगळं उलटं धरा. ती गणितं अनेक कोअरवर वाटली जातात, तिथे आय७चा पैसा वसूल होतो.